दार उघडायला लागलेला वेळ

आमच्या वहीत सात रकाने आहेत.
सहा कार्यालयातून छापून आले:
नाव, वाडा, रक्तदाब, साखर, गोळ्या, शेरा.
सातवा बाबुसोनं आखला, गाडीच्या बॉनेटवर,
पट्टी नव्हती म्हणून औषधाच्या खोक्याच्या कडेनं,
जरा वाकडाच.
दार उघडायला लागलेला वेळ.

बाबुसो आमचा ड्रायव्हर. आधी खाणीवर टिपर चालवायचा.
खाण बंद पडली, खोकला तेवढा चालू राहिला.
म्हणाला, इंजिनाचंही असंच, बाई,
चावी फिरवल्यावर किती वेळानं धरतं
त्यावरून सगळं कळतं.

तेव्हापासून आम्ही मोजतो.
कडी वाजवायची आणि मनात एक, दोन, तीन.
घड्याळ बघायचं नाही. ते त्यांना खिडकीतून दिसतं.

इनासिना फुर्ताद, शेळवण: चौदा.
पावसाळा संपता संपता बावीस. नाताळात एकतीस.
विचारलं तर तिचं सगळं बरंच असतं,
गुडघे बरे, झोप बरी, स्विंडनचा मुलगा बरा.
ग्लेनिसनं तिला वॉकर नेऊन दिला,
तिनं त्यावर टॉवेल वाळत घातला.
आता अडतीस.

दुलबा नायक, काकोडे: शून्य.
आम्ही पोचायच्या आधीच दार उघडं,
चौकटीत तो, गळ्यापर्यंत बटणं लावून.
त्याची दाढी गुरुवारीच होते.
शून्याची आम्हाला जास्त धास्ती वाटते.
सुलक्ष त्याच्याकडे कॉलेजच्या गुणांसाठी यायचा.
गुण मार्चमध्येच मिळाले.
तो अजून येतो, पेपरातल्या निधनवार्ता वाचून दाखवतो,
ओळखीचं नाव आलं की दुलबा हात वर करतो, थांब,
आणि मेलेल्याकडून किती येणं होतं ते सांगतो.

रुक्मा च्यारीला दारच नाही, पडदा आहे.
तिचा आकडा कुठून लिहायचा?
तिला घेऊन आम्ही हयातीच्या दाखल्याला गेलो.
अठ्ठावीस वर्षं काजू फोडले,
टरफलाच्या तेलानं बोटांवरच्या रेघा खाल्ल्या.
यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
अंगठा, तर्जनी, मधलं, डावा हात,
पुन्हा प्रयत्न करा.
मग डोळा दाखवला. त्यात मोतीबिंदू.
रुक्मा यंत्राकडे बघून हसली:
सगळं वापरून झालंय गो माझं.
खिडकीतल्या मुलीनं मान वर केली,
तिघींनी मिळून अर्ज लिहिला,
की अर्जदार समोर उभी आहे,
आणि तिला चहा हवा आहे.
चहाचं मुलीनं नंतर खोडलं.

मागच्या बुधवारी गाडी शेळवणहून जाणार होती,
म्हटलं, इनासिनाच्या गोळ्या एक दिवस आधीच देऊन टाकू.
कडी वाजवली.
अडतीस.
साठ.
सत्तर झाल्यावर ग्लेनिसनं हाक मारली.
नव्वदला बाबुसोनं चपला काढल्या.
माझ्या तोंडात आकडेच उरले, दुसरं काही सुचेना,
एकशे दहा, एकशे अकरा,
शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं
तेही बरं वाटेना.
बाबुसोनं दाराला खांदा लावला.

एकशे अठ्ठेचाळीसला ती घरामागून आली,
वॉकर ढकलत,
टॉवेलाची झोळी करून त्यावर बांधलेली,
झोळीत बिंबलं, हिरवीगार, वरवर भरलेली.
आमच्याकडे बघून कपाळाला आठ्या:
आज बुधवार ना? तुम्ही गुरुवारची माणसं.
आणि याला माझ्या दाराशी काय काम?

बाबुसोनं खांदा काढून घेतला,
चोळत राहिला.

रक्तदाब तिचा नेहमीचा. माझा घेतला नाही.
सातव्या रकान्यात एकशे अठ्ठेचाळीस,
शेऱ्यात: बिंबलं.
शेर, दीड शेर आमच्या पदरात टाकली तिनं,
वर बजावलं, मीठ लावून ठेवा, नासतील,
आणि उद्या या.
उद्या मी घरात असेन.