अडतीस मिनिटं

सन्डरलंडला, नदीकाठच्या त्या लाँड्रीत
एक धुणं अडतीस मिनिटं घेतं.
तेवढ्यात एक मूत्रपिंड वाचून होतं.

आधी मी पानंच्या पानं मार्करने रंगवायचे.
पुस्तक हळदीला बसल्यासारखं पिवळं,
आणि डोक्यात
पालथ्या घड्यावरचं पाणी.

एकदा मिस्टर थर्लवेल,
बंद पडलेल्या गोदीतले जुने वेल्डर,
चादरीची घडी घालता घालता म्हणाले,
“मिट ते. मला सांग.”

मिटलं.
रक्त आत येतं, म्हटलं, गाळलं जातं, मग…
मग नुसता ड्रमचा आवाज.
“हां,” ते म्हणाले, “सांधा इथे सुटलाय.”

त्या सांध्यापाशी परत गेले.
मंगळवारी. शुक्रवारी. पुढच्या धुण्याला पुन्हा.
पुस्तकाकडे पाठ केल्याशिवाय
पाठ झालंय का, कळत नाही.

जूनच्या पेपरात मूत्रपिंड आलंच नाही.
यकृत आलं.
थर्लवेल खो-खो हसले. “मग मला विचार,” म्हणाले,
आणि धडाधड सांगत सुटले,
रक्त, गाळणी, नळ्या,
अन् एका वळणावर अडले.

मी मोज्यांच्या जोड्या लावत राहिले.
काही सुचवलं नाही.
आठवू दिलं.