ऐपत

शनिवारी अंबड बंद असतं.
भोंगा नाही, शेडमध्ये प्रेस नाही,
एक्सलो पॉइंटवरून मी आले त्या रिक्षात मी एकटीच.

शिडीवर चढून कपाट उघडलं.
चोवीस पोर्टांचा स्विच, आणि पाठीवर बारीक अक्षरांत
त्याची ऐपत: एकशे पंच्याण्णव वॅट.

जुने फोन सात-सात मागायचे.
चोवीस साते एकशे अडुसष्ट, वर सत्तावीस शिल्लक,
संसार चालला होता.
मग खरेदीतल्या क्षेमकल्याणींना स्वस्तात नवे मिळाले,
रंगीत पडद्यांचे.
खोक्याच्या कोपऱ्यात 'वर्ग तीन' छापलेलं होतं.
कुणी वाचलं नाही. मीही नाही.

तार खोचली की फोन
बोलण्याआधी आपली भूक सांगतो.
वर्ग तीन म्हणजे, पंधरा पूर्णांक चार काढून ठेव, मी आलोय.
स्विच भोळा. सांगतील तेवढं राखून ठेवतो.
पंगतीत एकाने म्हणावं, मला पाच पोळ्या,
वाढप्याने पाच झाकून ठेवाव्यात,
आणि त्याने एक खाऊन हात धुवावा.
झाकलेल्या चार मग कुणाच्याच नाहीत.

एक ते बारा उजळले.
तेरावा काळा.
दहा वॅट उरले होते,
पण पंधरा मागणाऱ्याला दहा देता येत नाहीत,
त्याला खायचे चारच असले तरी.

तेरा म्हणजे डिस्पॅचच्या निकुंभबाई.
चोवीस म्हणजे गेट.
एक म्हणजे अर्थातच केबिन.
नंबर लहान त्याला आधी.
हे मी ठरवलं नाही. माझ्या आधीच्याने
साहेबांच्या दारापासून तारा खोचत खोचत आणल्या
आणि गेटपाशी येईतो पोर्ट संपले.

आठवडाभर निकुंभबाई
अकाउंट्सच्या टेबलावर वाकून
वापीच्या ट्रकवाल्याशी भांडत होत्या,
आपली चलनं काखेत धरून.
"तुझा मोठा स्विच कधी येणार गं?"
मोठा स्विच बेचाळीस हजारांचा.
फाइल केबिनमध्ये आहे.
केबिनचा फोन चालू आहे.

दोन रात्री मॅन्युअल वाचलं, शेवटी एकच ओळ बदलली:
सांगितलेलं नको, खाल्लेलं मोज.
सगळे दिवे गेले. माझ्या पोटात गोळा.
मग हळूहळू, तीन पूर्णांक आठ, तीन पूर्णांक सात,
बारा, तेरा,
तेरा!
चौदा, पंधरा, पार गेटपर्यंत.
एक्याण्णव वॅटांत आख्खं ऑफिस.
अर्धी ऐपतसुद्धा लागली नाही.

पण मी गॅरेजवाल्याची मुलगी.
अण्णा म्हणायचे, उभी असते तोवर कुठलीही गाडी चांगली.
फोन वाजतो तेव्हा जास्त खातो.
सगळे एकदम वाजले तर?

म्हणून वाजवले.
रिकाम्या ऑफिसात चोवीस फोन, एकदम.
शिडीच्या वरच्या पायरीवर लॅपटॉप,
कानात हेडसेट, एक हात भिंतीला.
एकशे दहा.
एकशे अठ्ठावीस.
पांडवलेण्यांच्या बाजूच्या काचा थरथरायला लागल्या.
निकुंभबाईंच्या टेबलावर चष्म्याचं घर
निळ्या उजेडात एकटंच.
एकशे एकेचाळीस.
आकडा तिथे थांबला, आणि थांबूनच राहिला.

मग एकदम सगळे गप्प.
गेलं, मला वाटलं. बसला स्विच.

कानात कुणीतरी खाकरलं.
"हॅलो? कंपनी आज बंद आहे."
गेटवरचा वाल्मीक. आठवड्याने त्याचा फोन वाजला होता
आणि त्याने तो बाकीच्या तेवीसांच्या आधी उचलला होता.
"वरून बोलतेय," मी म्हटलं. "नीट ऐकू येतंय?"
"येतंय की, ताई. काय काम होतं?"

काम असं काही नव्हतं.