चौथी चौकट

आधी कागदगिरणी गेली,
मग साप्ताहिक.
केमीच्या तूलिक्की निस्कानेनकडे उरली
बुटांच्या सात खोक्यांत कात्रणं:
बर्फ उपसणारा लठ्ठ ससा
आणि खिडकीतून सल्ले देणारी त्याची सासू.
बावीस वर्षं, दर गुरुवारी, चार चौकटी.

आता स्कॅनरच्या काचेवर एकेक गुरुवार पालथा.
पाठच्या पानावरचं उलटं उमटतं:
बटाट्यांचा भाव,
सशाच्या पोटावर कुणाची तरी शोकवार्ता.
भाव ती पुसते.
शोकवार्ता आरशात धरून वाचते.
ऑस्मो. गिरणीतला, रात्रपाळीचा.
हसायचा या सासूला, पार ठसका लागेपर्यंत.
त्याला ती पुसट करते,
पुसत नाही.

फाइल चढवताना फॉर्म विचारतो:
लेखक? चित्रकार? प्रकाशक?
तिन्ही रकान्यांत तीच.
किंमत?
इथे ती उठते, कॉफी टाकते.
बावीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

मोबाइलवर उघडलं तर घोळ.
तीनच चौकटी मावतात,
चौथी पलीकडच्या पानावर.
दोन रात्री मापं बदलत बसली,
यंत्राला सासूच्याच तोंडच्या शिव्या दिल्या.
मग नातीनं, सेल्मानं, बोट सरकवलं;
मध्ये क्षणभर पांढरं, नुसता बर्फ,
आणि मग सासू.
पोरगी खुर्चीतून पडायची बाकी राहिली.

राहू दे तसंच, तूलिक्की म्हणाली.

पहिल्या आठवड्यात एक प्रत खपली.
कुणी घेतली, कळायची सोय नाही.
वार तेवढा दिसतो:
गुरुवार.