उजवी बाजू तीन बोटं लांब

आंद्रावुआंगीच्या चढावर, जुलैच्या धुक्यात
आधी आवाज येतो, मग रामारुलाहीची टॅक्सी.
टक्. टक्टक्. टक्.
साईच्या रंगाची रेनो, आम्ही तिला कात्रेल म्हणतो.
तो उतरतो. टोपी नीट करतो.
"लालाऊ, डावीकडे वळताना वाजतंय.
म्हणजे डावंच काहीतरी गेलंय."

गेल्या महिन्यात नव्या पुलाजवळच्या गॅरेजात
त्यानं डावा टाय-रॉड बदलून घेतला.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला.
तिथल्या पोरानं वर फीत लावून दाखवलं:
पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत
उजवीकडे तीन बोटं जास्त.
चेसिस वाकलीये म्हणे, कुठेतरी ठोकलीत तुम्ही.
रात्रभर हा माणूस सव्वीस वर्षं मागे जाऊन
एकेक वळण तपासत होता.

अहो, ती जन्मतःच तशी आहे.
मागच्या दोन चाकांचे दांडे आडवे बसवायचे,
दोन्ही एका रेषेत मावेनात,
तेव्हा कारखान्यानंच एकामागे एक ठेवले.
माझा दादा म्हणायचा, आरशात बघ,
तुझे तरी दोन्ही कान एका उंचीवर आहेत का?

त्यानं टोपी काढून बोनेटवर ठेवली.
कोर्टातून सुटल्यासारखा दिसला.

सरका, मी बसते.
डॅशबोर्डातून बाहेर आलेला गिअरचा दांडा
छत्रीच्या मुठीसारखा; मूठ धरली
की पुढचं सगळं तळहातात येतं.
स्टिअरिंग दोन बोटं फिरतं,
मग कुठे चाकाला बातमी लागते.
ते माफ. या वयात तेवढं चालायचंच.

शाळेच्या मैदानात, पूर्ण डावीकडे तोडून, गोल:
टक्टक्टक्टक्.
पूर्ण उजवीकडे: गप्प.
डावीकडे वळताना भार उजव्या पायावर येतो,
हे डोक्यावर टोपली घेऊन चालणाऱ्या
कुठल्याही बाईला विचारा.

पण क्लच सोडताना: ठप्.
हा दुसराच कुणीतरी बोलला.

जॅक लावला. उजवं चाक
वर-खाली धरून हलवलं, घट्ट.
आडवं धरून हलवलं, किंचित,
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं.
मग खाली आडवी झाले. बाहेरच्या सांध्याचं
रबर फाटलेलं, आत ग्रीस नव्हतंच,
लाल मातीचा शिरा होता.
बोटांत चोळला. कचकच.

"उतारावर इंजिन बंद करता?"

तो आपल्या पायांकडे बघायला लागला.
तिथे दीड लिटरची पाण्याची बाटली,
पाण्याऐवजी पेट्रोल, झाकणातून नळी.
"सगळेच करतात."

सगळेच करतात. उतार संपला की क्लच सोडायचा,
झोपलेल्या गाडीला लाथ घालून उठवायचं,
दिवसातून तीस वेळा, चाळीस वेळा,
आणि ती लाथ बसते याच सांध्यांना.
मी खडूनं भिंतीवर हिशेब मांडला:
रोजचं वाचलेलं इकडे, सांध्याची किंमत तिकडे.
त्यानं सावकाश वाचला, ओठ हलवत.
म्हणाला, "पेट्रोल रोज लागतं, पोरी.
सांधा कधीतरी."

यावर माझ्याकडे कुठलाच पाना नव्हता.

मागच्या अंगणात दादाची कात्रेल उभी आहे,
तो गेल्यापासून तिच्यात कोंबड्या बसतात.
सीटवरच्या पांढरीला उठवलं, ती चिडली.
उजवा सांधा काढला, धुतला, ग्रीस भरलं,
नवं रबर, दोन पट्ट्या.
पैसे त्यानं अर्धे दिले, अर्धे शनिवारी.

दुपारी धुकं गेलं. तो निघाला.
डावीकडचं वळण घेतलं. मी कान दिला.
काही नाही. नुसती टायरखालची फरसबंदी.
मग उतार लागला,
आणि इंजिनाचा आवाजही थांबला.

पुसायचं फडकं हातात घेऊन मी उभी होते.
खाली, बेकरीपाशी:

ठप्.