पाड

अँटवर्पच्या धक्क्यामागे, नऊ नंबरच्या खोलीत
मी केळी पिकवतो. रात्रपाळी.
अकराशे पेट्या, एकाच हिरव्या रंगाच्या,
समुद्रावर तीन आठवडे झोपवून आणलेल्या.
साडेतेरा अंश. त्याखाली गेलं की साल राखाडी पडते,
मग कितीही ऊब द्या, तेज चढत नाही.
माणसांचंही तसंच, असं लिहिणार होतो,
पण ते खरं नाही. मी इथे सहा हिवाळे काढलेत.

आधी हळूहळू सतरावर आणायचं.
मग दार बंद, आणि गॅस. एक दिवस, एक रात्र.
मग पंखे लावून खोली मोकळी करायची,
कारण केळी आपल्याच उच्छ्वासात गुदमरतात
आणि गुदमरलेलं फळ हट्टाने हिरवं राहतं.
वानेस, ज्याने मला हे शिकवलं, म्हणायचा,
काट्याकडे कमी बघ, देठाकडे जास्त.
तो गेल्या वर्षी निवृत्त झाला.
त्याचा टेबलावरचा चाकू अजून मीच वापरतो.

बुकोबाहून कोकुशुबिला आत्याचा फोन येतो.
‘तिथे नेमकं करतोस काय?’
केळी पिकवतो.
पलीकडे बराच वेळ नुसतं हसू.
‘आणि त्याचा पगार देतात?’

तिची खोली म्हणजे परसातला खड्डा.
आत आधी जाळ करायचा, राख उपसायची,
भिंतींना वाळकी पानं, मधे फण्या दाटीवाटीने,
वरून ओली पानं, त्यावर माती,
आणि कडेने धूर शिरेल एवढंच बीळ.
आमच्या गॅसचा अंश धुरातही असतो,
हे मी तिला एकदा समजावलं.
‘म्हणजे तुमच्याकडे धूर विकत घेतात,’ ती म्हणाली.

या जुलैत केमिलेम्बेचं लग्न.
शंभर माणसांची केळ्याची दारू, वरपक्ष शनिवारी येणार,
आणि तळ्यावरून असा गार वारा सुटला
की पाचव्या दिवशी माती उकरली तर
फण्या दगडासारख्या. पाडाला एकही नाही.
कच्च्यातून रस सुटत नाही,
गवत घालून कितीही तुडवा.

पहाटे तीनला फोन. हसू नव्हतं.
मी नऊ नंबरच्या दाराला पाठ टेकून
शहाण्यासारखं सगळं सांगितलं:
शेजारच्या खड्ड्यात पुन्हा जाळ कर,
घरातली पिकलेली केळी चार कोपऱ्यांत खुपस,
एक पिकलं की शेजारच्याला उठवतं,
वर घोंगडी टाक, आणि दर तासाला उकरू नकोस.
‘ते मी कालच केलं,’ आत्या म्हणाली.
मग फोन कशाला?
‘इथे सगळे झोपलेत.’

मग आम्ही दोघं गप्प बसलो.
तिच्याकडे बेडूक, माझ्याकडे पंखे.
मधेच ती उठल्याचं कळलं,
मातीला नाक लावून परत आल्याचंही.
‘काय?’
‘अजून मातीच.’

चौदाव्या थप्पीत, खालून तिसऱ्या पेटीत
सगळ्या हिरव्यांत एक केळं पिवळं झालेलं.
बोटीवर कुठेतरी चेपलं असणार.
मार बसलेलं आधी पिकतं, आणि शेजाऱ्यांनाही ओढतं.
नियम असा, की ते कचऱ्यात टाकून नोंद करायची.
मी नोंद केली.
मग सोलून खाल्लं, फोन कानाशी धरून.
‘काय चावतोस?’ आत्याने विचारलं.
मधोमध तुरटच होतं अजून,
पण सांगितलं, गोड आहे.
‘खोटं,’ ती म्हणाली,
‘चावण्याचा आवाज कच्चा येतोय.’