प्रश्न क्रमांक चौदा

उणे अठरा. पेनातली शाई गोठते,
म्हणून जिपारगुल पेन काखेत धरून चालते,
थर्मामीटर धरावा तसं.
दोर्दोय बाजार. कंटेनरवर कंटेनर,
खाली दुकान, वर गोदाम,
समुद्र नसलेल्या देशात
जहाजांची ही इतकी हाडं.

तिच्या प्रबंधाचं नाव लांबलचक आहे,
तोंडात मावत नाही, थंडीत तर नाहीच.
थोडक्यात, शेजारी शेजारी बसून
एकच माल विकणाऱ्या दोघी
एकमेकींना बुडवत का नाहीत?
मॉडेल म्हणतं, बुडवायला हवं.
मॉडेलमध्ये दोन बिंदू आहेत, एक सरळ रेघ आहे,
आणि बिंदूंचे पाय गारठत नाहीत.

प्रश्न चौदा: आपला सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी कोण?
अंतर मीटरमध्ये लिहा.

बुरुलकान लहान मुलांचे बूट विकते.
ती मीटरबिटर जाणत नाही. उजवा हात लांब करते
आणि हात सानोबारच्या खांद्यावर पडतो.
"ही. हिनं माझं कझाक गिऱ्हाईक पळवलं,
चाळीस जोड, एका दमात. तीन दिवस मी
हिच्या थर्मासमधला चहा प्यायले नाही."
"चौथ्या दिवशी प्यायलीस," सानोबार खोकी रचत म्हणते,
"साखर जास्त झाली म्हणून कुरकुरलीससुद्धा."

जिपारगुल लिहिते, ०.७ मी.
चहासाठी रकाना नाही.

अकरा आठवडे ती भाव टिपते.
गिऱ्हाइकासमोर दोघी वीस-वीस सोमांनी खाली येतात,
एकमेकींच्या मालाची, टाचेची, टाक्याची,
वेळ आली तर सासरचीसुद्धा काढतात.
पण एकीची भवानी व्हायची राहिली असली
तर दुसरी तेवढ्यापुरती
आत वळून कुलपाशी उगाच खाटखुट करत बसते.
हे तक्त्यात कुठे घालायचं?
पुस्तकात 'मूक संगनमत' असा शब्द आहे,
पण त्याला कोर्टाचा वास येतो,
आणि इथे नुसता रबराचा, आणि कांद्याच्या सामशाचा.

"बाजूला! बाजूला!" हातगाडी रेटत एर्मेक येतो,
नारीनकडचा, बाविशीतला, भुवयांवर बर्फ.
गाडीवर दोघींचाही माल
एकाच दोरीनं आवळलेला.
"मलाही विचार ना ताई, तुझा तो चौदावा."
ती म्हणते, नमुन्यात फक्त दुकानदार आहेत रे,
कंटेनरचा नंबर लागतो.
"आणि कंटेनरला भाडं लागतं," तो हसतो.
"मला कोण बुडवणार?
बुडायला आधी नाव लागते."

रात्री वसतिगृहात ती आकडे भरते.
गेल्या वर्षी शिष्यवृत्ती एकच होती, अर्ज दोन,
तिचा, आणि समोरच्या पलंगावरच्या मीरिमचा.
मीरिमनंच तिचा निबंध तपासून दिला होता,
राहिलेले स्वल्पविराम पेन्सिलीनं लावून.
मीरिम आता मॉस्कोत, कुठल्याशा गोदामात
खोक्यांना पट्ट्या चिकटवते.
पलंग अजून रिकामा. अंतर दोन पावलं,
किंवा तीन हजार किलोमीटर,
कुठून मोजता त्यावर आहे.

(मी हे मराठीत लिहितोय, मला सोपं जातं.
आमच्याकडे संधी म्हणजे मोका,
संधी म्हणजे लढाईनंतरचा तह,
आणि दोन अक्षरं भेटतात तो सांधाही.
भेटताना कधीकधी एकाचा लोप होतो.
तिला मात्र किर्गिझमध्ये
यातल्या प्रत्येकासाठी वेगळा शब्द शोधावा लागतो.)

उशिरा ती एर्मेकची नोंद करून पाहते.
कंटेनर क्रमांकाच्या जागी
गाडीवर रंगवलेला आकडा, ३१८.
संगणक म्हणतो, अवैध.
पुन्हा टाकते. अवैध.
मार्गदर्शक सोमवारी विचारतील
ही भलती ओळ कुठून आली म्हणून.

ती कोट काढायला उठते
तेव्हा पेन काखेतून खाली पडतं.
फॉर्मच्या समासात, चौदाच्या शेजारी, ती लिहायला घेते.
तीन उमटत नाही.
ती गिरवते.