खारीवाड्याचा काटा

पहाटे चारला, लिलाव सुरू व्हायच्या आधी
साईश येतो जेटीवर
आणि बांगड्यांच्या काट्यावर उभा राहतो,
अंगावर फक्त चड्डी.

"बासष्ट किलो शंभर," मी सांगतो.
तो थुंकतो. पुन्हा धावत सुटतो बायण्यापर्यंत,
बंद रेनकोटात उकडत.

नोकरी म्हणावी तर पगार नाही,
खेळ म्हणावा तर मेडल नाही.
सात लढती. चार जिंकल्या.
मागच्या वेळी पोस्टरवर नावसुद्धा चुकलं: सतीश.
दिल्लीचा कोणी पोरगा वर यावा म्हणून
याला फोन आला होता, दहा दिवस आधी.
सहाही फेऱ्या उभा राहिला.
पैसे निम्मे मिळाले, उरलेले "सोमवारी".

त्या रात्री डोळ्यावर धरायला
मीच दिला बर्फ, मासळीच्या पेटीतला.
एक खवला चिकटून राहिला भुवईवर.
आई हसली. तोही, एका बाजूने.

आज लाल आकडे थरथरतात, थांबतात:
एकसष्ट दोनशे.
"बरोबर ना, बाप्पा?" तो विचारतो,
आणि मी, जन्मभर पाव-अर्धा किलो
खालीवर करून जगलेला माणूस,
चष्मा पुसून
पुन्हा वाचतो.